दोन महिला, धुळे जिल्हा

कलाबाईंजवळ गाणी होती, पण सगळी अर्धी.

घट्याला, म्हणजे जात्याला, दोन बाया लागतात. समोरासमोर बसून, एका खुंट्यावर दोघींचे हात. ओवीलाही दोन बाया लागतात. वच्छलाबाईंनी पहिली ओळ उचलायची, कलाबाईंनी दुसरी ओळ खाली टेकवायची, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता. गावात गिरणी आली, घट्या न्हाणीच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तरी हळदीला आणि बारशाला दोघींना जोडीनंच बोलावणं यायचं. बैलाची जोडी फोडू नये तशी ही जोडीही कुणी फोडत नव्हतं. मग चार वर्षांपूर्वी वच्छलाबाई गेल्या, आणि पहिल्या ओळी पदरात बांधून घेऊन गेल्या.

तेव्हापासून कलाबाई शेंगा निवडायला बसल्या की ओठावर यायची ती दुसरी ओळ.

"दाना सासरना शे वं, सूर मन्ही मायना शे..."

"याच्या आधी काय गं, माय?" प्रज्ञा विचारायची.

"आधी वच्छला व्हती," कलाबाई म्हणायच्या. हसायच्या. आणि शेंगांकडे बघत राहायच्या.

प्रज्ञा त्यांची धाकटी लेक. शिंदखेड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. राहायची धुळ्यात, देवपूरला. रोज सकाळची बस, रोज संध्याकाळची बस. कलाबाई राहायच्या दोंडाईच्याजवळच्या खेड्यात, मुलाकडे, प्रशीलकडे. प्रज्ञाच्या लायब्ररीत अकरा हजार पुस्तकं होती आणि त्यांतलं कुठलं कुठे बसलं आहे हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. पण आईच्या गाण्यांची अर्धी कपाटं रिकामी होती, आणि त्यांची यादी कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

डिसेंबरातली दुपार होती. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आठ कॉलेजांनी मिळून एक मोट बांधली होती. एकट्या कॉलेजाला जे झेपत नाही ते आठ जणांनी मिळून घ्यायचं, आणि एकाच करारावर आठांच्या सह्या करायच्या. ई-पुस्तकं झाली, नियतकालिकं झाली. यंदा नवीन होता तो लोकगीतांचा ध्वनिसंग्रह. गावोगावच्या जुन्या कॅसेटी कुठल्याशा कंपनीनं गोळा करून संगणकावर चढवल्या होत्या. करार व्हायच्या आधी चाखायला म्हणून कंपनीनं पंधरा दिवस संग्रह उघडून दिला होता. चाखायला म्हणजे चाखायलाच: प्रत्येक गाण्याचे पहिले तीस सेकंद.

प्रज्ञानं शोधाच्या चौकटीत सहज 'दोंडाईचा' टाकलं. एकच नोंद आली.

'ओव्या, जात्यावरच्या. १९९४. गायिका: दोन महिला, धुळे जिल्हा.'

तिनं कानाला हेडफोन लावला. आधी नुसती घरघर. मग शेळीचं बेंबटणं. मग एक आवाज, इतका जवळून, की प्रज्ञानं दचकून मागं पाहिलं.

"कला, पदर धर तुन्हा, पीठमा जाई ऱ्हायना!"

आणि दोघींचं हसू. काचेच्या बांगड्यांसकट हसू. मग घरघर संथ झाली आणि वच्छलामावशीनं ओळ उचलली:

"सांग सांग मन्हा घट्या..."

संपले तीस सेकंद. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं.

प्रज्ञाच्या डोळ्यांपुढं तो दिवस उभा राहिला. ती पाच वर्षांची होती. जीपमधून एक बाई आल्या होत्या, त्यांच्या गळ्यात टेपरेकॉर्डर होता, हातात गोळ्यांचा पुडा. दोन दिवस राहिल्या, सगळं टेप केलं, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि जाताना म्हणाल्या, "कॅसेट पोस्टानं पाठवते हं." वच्छलामावशी वर्षभर पोस्टमनला विचारत होती. मग पोस्टमनच बदलला.

तिनं लगेच आईला फोन लावला.

"माय, वच्छलामावशीचा आवाज सापडला."

पलीकडं शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "काय बोलनी ती?"

"तुझा पदर पिठात चाललाय म्हणाली."

कलाबाई अशा खळखळून हसल्या की फोन दूर धरावा लागला. "देख! मरी गई तरी मन्हा पदर सोडस नही!" मग आवाज एकदम खाली आला. "आन मोहरे? मोहरे काय बोलनी ती?"

"'सांग सांग मन्हा घट्या'. एवढंच. पुढचं कुलपात आहे. करार झाला की उघडेल."

"सांग सांग मन्हा घट्या," कलाबाईंनी हळूच म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ अडली तिथंच अडली. "मोहरे व्हतं काही. व्हतं खरं. पोरी, तेवढं ऐकाले भेटी का माले?"

"भेटेल," प्रज्ञा म्हणाली. शब्द देऊन बसली, आणि मग करार वाचला.

चौथं कलम असं होतं: वापरकर्ते म्हणजे महाविद्यालयाचे नोंदणीकृत विद्यार्थी व अध्यापक. अन्य कोणासही, महाविद्यालयाच्या आवारात असले तरी, हा संग्रह पाहता अथवा ऐकता येणार नाही.

तिनं तीनदा वाचलं. म्हणजे एफवायच्या पोरांना वच्छलामावशी ऐकता येणार होती; आणि जिच्या पदराला पीठ लागलं होतं ती कलाबाई दारातून परत जाणार होती.

आठ कॉलेजांच्या मोटेचे समन्वयक प्रेमराज सर. जळगावच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल, आणि ग्रंथपालांमध्ये बठ्ठ्यांचे, सगळ्यांचे, आबा. प्रज्ञानं त्यांना फोन केला.

"चौथं कलम बदलायला हवं, सर."

"अगं बाई माझे," सर म्हणाले, "कलमं बदलायला बसलो तर मी निवृत्त होईन आणि तू आजी होशील. एवढंच आहे ना की आईला ऐकवायचंय? करार होऊ दे. मोबाईल समोर धर, रेकॉर्ड कर, घरी नेऊन ऐकव. कोण बघतंय?"

"मीच बघतेय ना, सर."

"म्हणजे?"

"त्या आवाजाला एकदा न विचारता नेलंय. आता मी तो चोरून आणू? माझी आई समोरच्या दारानं येईल, खुर्चीवर बसेल, आणि ऐकेल. आणि तिच्यासारखी आणखी कुणी आली, तर तीही."

सर म्हणाले, "तू सही केली नाहीस तर सात कॉलेजं राहतात. भाव आठांचा ठरलाय. सातांवर सगळंच बोंबलेल, पोरांची पुस्तकंसुद्धा. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग शनिवारी जळगावला ये. कंपनीचा माणूस येतोय. बोल त्याच्याशी. आणि हे बघ, भांडायचं ते भरिताच्या आधी भांड. भरीत गार झालं तर मी कुणाची बाजू घेणार नाही."

शनिवारी प्रज्ञा शिंदखेड्याहून रेल्वेनं निघाली. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. बाहेर कापसाच्या वेचणीला बाया वाकल्या होत्या, त्यांच्या ओट्या पांढऱ्या फुगल्या होत्या. प्रज्ञाच्या मनात एकच ओळ घट्यासारखी फिरत होती. सांग सांग मन्हा घट्या. सांग सांग मन्हा घट्या. पुढचं काय रे, घट्या?

कंपनीचा माणूस म्हणजे अर्हम. तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलणं मऊ. मूळचा दोंडाईच्याचाच, मारवाडी घरातला, पुण्यात नोकरीला. लॅपटॉप उघडून त्यानं करार पडद्यावर लावला. टेबलाभोवती आठ ग्रंथपाल बसले. मागच्या खोलीत वांगी भाजल्याचा वास दरवळायला लागला होता, त्यामुळं सगळ्यांचंच लक्ष थोडं पातळ झालं होतं.

चौथ्या कलमाला प्रज्ञानं हात वर केला.

"यात 'ग्रंथालयात प्रत्यक्ष येणारे वाचक' एवढं वाढवा."

"मॅडम," अर्हम म्हणाला, "येणारे वाचक म्हणजे कोण?"

"जे येतात ते."

"तेच तर. 'कोणीही' असं लिहिलं की उद्या सगळा धुळे जिल्हा आत."

"येऊ दे की! माझ्याकडं खुर्च्या चोवीस आहेत."

टेबलाभोवती हसू फुटलं. देवपूरच्या कॉलेजातली ग्रंथपाल मृणाली, प्रज्ञाची शेजारीण आणि मैत्रीण, म्हणाली, "चोवीस कुठल्या? दोन मोडक्या आहेत. मी बसलेय त्यांच्यावर."

अर्हमही हसला, पण मान हलवत राहिला. "माझं मन छोटं नाही, मॅडम. पण वर मी काय सांगू? बाहेरचे येतात किती, येऊन करतात काय, नेतात काय, कुणी बघतं का? या कलमाला आमचे लोक याचसाठी घाबरतात. आकडा द्या. लेखी द्या. आज करार बंद व्हायचाय. संध्याकाळपर्यंत द्या, मी वर बोलतो. नाहीतर आहे तसंच राहील."

आकडा! प्रज्ञा खाली बसली. विद्यार्थ्यांचा आकडा होता, पुस्तकांचा होता, फाटक्या पुस्तकांचासुद्धा होता. बाहेरून येणाऱ्यांचा आकडा कोण ठेवतं?

आणि मग तिला आठवलं. ठेवतो ना. वना ठेवतो.

वना तिच्या लायब्ररीचा शिपाई. पन्नाशी उलटलेला, दारापाशी स्टुलावर बसणारा. एकोणीस वर्षांपूर्वी आधीच्या ग्रंथपालांनी त्याच्या हातात एक वही दिली होती. नाव, गाव, कारण, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, असे रकाने. ते म्हणाले होते, "वना, बाहेरचं कुणी आलं की लिहायचं. कारण नीट लिहायचं." ते ग्रंथपाल निवृत्त झाले. वनाला कुणी थांब म्हटलं नाही. तो नीट लिहीतच राहिला. गेल्या वर्षी तपासणी समिती येणार होती तेव्हा प्रज्ञानं त्याची चालू वही चाळली होती, आणि लाजेनं लाल होऊन तिला कपाटात कुलूप घातलं होतं. वनाला बोललीही होती. "हे काय लिहिलंय? लायब्ररीची वही आहे का गावगप्पा?" वनाचं तोंड एवढंसं झालं होतं. "बाई, मी काय खोटं लिखेल नही," एवढंच म्हणाला होता.

तरी दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी वही आणून त्यानं पुन्हा लिहायला घेतलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं न पाहिल्यासारखं केलं होतं.

ती बाहेर गेली आणि फोन लावला. "वनाभाऊ, तुमची वही. माझ्या टेबलाच्या खणात किल्ली आहे, कपाटातली जुनी वही काढा. आणि तुमची नवीसुद्धा. पानांचे फोटो काढून मला पाठवा. आत्ता."

"बाई, फाडी टाकनी का ती?"

"नाही हो. वाचायचीय."

"कोन वाचस ती?"

"सगळे वाचणार आहेत."

"अरे देवा," वना म्हणाला.

दहा मिनिटांनी फोटो येऊ लागले. तिरपे, सरळ, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात वनाचा अंगठा. मृणालीनं प्रज्ञाच्या हातातून फोन घेतला आणि कुणी नको म्हणायच्या आत पडद्याला जोडला. पहिलं पान पडद्यावर आलं. गोल, ठसठशीत, शाळेत पहिल्या नंबरच्या मुलासारखं अक्षर.

अर्हम मोठ्यानं वाचायला लागला.

"'भाईदास आबा, चिमठाणे. कारण: पेपर. आधी मयताच्या बातम्या वाचतात. आज ओळखीचं कुणी नाही, खुश होऊन गेले.'"

कुणीतरी फिसकन हसलं.

"'अनोळखी बाई. कारण: बस चुकली. पाणी दिलं. नकाशाचं पुस्तक दिलं. आवडलं.' ... 'रुपचंद भाऊ, कापडवाले. कारण: होणारा जावई शिकवतो ते गाव कुठं आहे बघायला. बघितलं. लांब आहे. समाधान नाही.' ... 'दोन मेंढपाळ. कारण: पंखा. पुस्तक उघडं ठेवलं होतं, उलटं.'"

आता प्रेमराज सरांनी चष्मा काढून डोळे पुसायला घेतले होते. अर्हमनं पुढचं पान घेतलं आणि त्याचा आवाज थोडा हळू झाला.

"'एक बाई. नाव सांगितलं नाही. कारण: सासूशी भांडून आली. कवितांचं पुस्तक दिलं. दोन तास बसली. एका पानावर रडली, दुसऱ्यावर हसली. गेल्याची वेळ चार वाजून दहा मिनिटं. घरी गेली, खात्री केली.'"

मागून लसणाच्या फोडणीचा चुर्र आवाज आला.

"खात्री कशी केली असेल?" अर्हमनं विचारलं.

"सायकलनं मागं गेला असेल," प्रज्ञा म्हणाली. तिला एकाएकी वनाची माफी मागावीशी वाटली, तिथल्या तिथं, जळगावहून.

मृणालीनं मोजायला घेतलं. महिन्यातली सगळी पानं धरून रोजचे बाहेरचे निघाले तेरा. कधी नऊ, बाजाराच्या दिवशी एकवीस. "तेरा," अर्हम स्वतःशीच म्हणाला. "आणि आम्ही घाबरलो होतो जिल्ह्याला." त्यानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "मॅडम, आमच्या सर्व्हरला कळतं कोण किती वाजता आलं. हसून गेलं का रडून, ते नाही कळत."

मग त्यानं खुर्ची मागं सारली. "मला एक सांगा. तुमचं कोण आहे या संग्रहात?"

प्रज्ञानं सांगितलं. घट्या, पदर, तीस सेकंद, कुलूप. सांगता सांगता तिला कळलं की टेबलाभोवतीचे सगळे पुढं झुकलेत. आईच्या अर्ध्या ओव्यांचं सांगितलं तेव्हा प्रेमराज सर, भांडण भरिताच्या आधी मिटावं म्हणणारे, वाढायला आलेल्या माणसाला हातानंच 'थांब' म्हणाले.

अर्हम फोन घेऊन व्हरांड्यात गेला. काचेतून दिसत होता: येरझाऱ्या घालतोय, हात हलवतोय, एकदा तर वहीतलंच काहीतरी हिंदीत सांगतोय, ते काचेआडूनही ऐकू येतंय. वीस मिनिटं. प्रज्ञानं टेबलावरचा एक कागद घडी घालून घालून बोटाएवढा केला. सही न करता उठायचं, तर पोरांची पुस्तकं बुडतात. सही करून उठायचं, तर माय दाराबाहेर राहते. दोन्ही हातांत दोन कळश्या, आणि वाट एकाच पायाची.

अर्हम आत आला. चेहऱ्यावरून काहीच कळेना. बसला, आणि चौथ्या कलमात टाईप करू लागला. अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटली.

'तसेच ग्रंथालयात प्रत्यक्ष येणारा कोणताही वाचक, ग्रंथालयातील संगणकावर, ग्रंथालयाच्या वेळेत. नोंदवहीत नाव लिहून.'

"आठही कॉलेजांना," तो म्हणाला. "घरी न्यायचं नाही, उतरवून घ्यायचं नाही. आणि आमच्या साहेबांची एक अट आहे. नोंदवहीत कारण लिहायचं. नीट."

मग जो गलका झाला तो मंगल कार्यालयात शोभला असता. मृणालीनं प्रज्ञाच्या पाठीत धपाटा घातला. आठ सह्या झाल्या. भरीत गार झालं होतं, पण कळण्याच्या पुऱ्या गरम होत्या, आणि प्रेमराज सर म्हणाले की गार भरिताला चव जास्त असते हे त्यांचं फार जुनं मत आहे.

जेवताना अर्हम प्रज्ञाशेजारी येऊन बसला. "माझी दादी, धापूबाई," पुरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "दोंडाईच्याला असते. लग्नात गायची. मारवाडी गाणी. तिलाही कुणी टेप केलं असेल का हो?"

"घेऊन या तिला शिंदखेड्याला," प्रज्ञा म्हणाली. "शोधू."

आता सगळं सोपं होतं असं वाटलं. पण कलाबाईच अडल्या.

"मी नही येस," त्या म्हणाल्या. प्रज्ञा मुद्दाम गावी गेली होती, पेढे घेऊन. "मन्हीच विहीर, मन्हंच पानी, आन दोर कॉलेजना? मन्हं गानं ऐकाले मी वहीमा नाव लिखू? त्या जीपवाली बाईनी लिखं व्हतं का मन्हं नाव?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "तिनं 'दोन महिला' लिहिलंय."

कलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "दोन महिला?"

"दोन महिला, धुळे जिल्हा."

कलाबाईंचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून प्रज्ञा उठली, तर त्या हसत होत्या. "दोन महिला! वच्छला ऐकती तर काय बोलती! म्हनती, कला, आपन तं मोठ्या झाल्यात वं, महिला झाल्यात!" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग पदराचं टोक हातात धरून बघत बसल्या. जरा वेळानं उठल्या आणि ट्रंकेतून निळं लुगडं काढलं. "येसू मी. तठे तिन्हं नाव सांगनं पडी ना कोनी तरी."

सोमवारी प्रशील त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. लायब्ररीच्या दारात वना स्टुलावरून उठून उभा राहिला. समोर नवी कोरी वही होती. तिच्या पुठ्ठ्यावर प्रज्ञानं स्वतः कागद चिकटवून दिला होता.

"नाव, माय?"

"कलाबाई."

"कारन?"

कलाबाईंनी आत पाहिलं. लांब टेबलं, पोरापोरींची वाकलेली डोकी, कोपऱ्यातला संगणक. "मैतरीनले भेटाले उनू," त्या म्हणाल्या.

वनानं मान डोलावली आणि लिहून घेतलं, जणू रोज कुणीतरी हेच कारण सांगतं.

प्रज्ञानं आईला खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावला. "जड वाटतंय का?"

"कानले बिब्बा लाया सारखं गरम वाटस," कलाबाई म्हणाल्या. प्रज्ञानं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. कलाबाई भिंतीकडं बघत होत्या. मग त्यांचा हात झटकन पदराकडं गेला आणि पदर सावरून घेतला, एकतीस वर्षांपूर्वी सांगितलेला. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली बघायला लागल्या. कलाबाईंचे ओठ किंचित उघडले. डोळे मिटले. आणि कानांवर हेडफोन असल्यानं आपला आवाज किती मोठा लागतोय याचा पत्ता नसलेल्या कलाबाईंनी, 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून, गळा सोडला:

"दाना सासरना शे वं, सूर मन्ही मायना शे!"

सगळी लायब्ररी वळली. कुणीतरी पुस्तक पाडलं. कलाबाईंना गंधवार्ता नव्हती. त्या थांबल्या, ऐकू लागल्या, हसल्या, मानेनं ताल धरला, आणि पुन्हा:

"मन्हा भाऊनी पेरी वं, पाखरं उनात दुपारी!"

लोकांना अर्धंच ऐकू येत होतं. एक ओळ, मग रिकामी जागा, मग एक ओळ. त्या रिकाम्या जागेत कलाबाईंचा चेहरा मात्र भरून यायचा. चार वर्षं प्रज्ञानं ही रिकामी जागा बाहेरून पाहिली होती. तिनं वाकून हेडफोनची वायर ओढून काढली.

आणि वच्छलाबाई खोलीत आल्या. घरघरीसकट, शेळीसकट, बांगड्यांसकट.

"मन्ही परज्ञा शाळामा जाई वं, तिले वाट कोन दावे..."

प्रज्ञा जागच्या जागी थांबली. हे तिला माहीत नव्हतं. पाच वर्षांची ती तिथंच ओट्यावर गोळ्या चघळत बसली होती, आणि तिचं नाव ओवीत गेलं, कॅसेटीत गेलं, पुण्याला गेलं, कुलपात बसलं, आणि आज तिच्याच लायब्ररीत येऊन उभं राहिलं. कलाबाईंनी डोळे उघडले, लेकीकडं पाहिलं, आणि तिच्याकडंच बघत दुसरी ओळ टेकवली:

"भीमरायाना उजेड वं, तिन्हा मोहरे मोहरे धावे!"

मुलींनी टेबलावर बोटांनी ताल धरला. दारात प्रशील डोकं घालून उभा होता. भाईदास आबांनी मयताच्या बातम्या मिटून ठेवल्या. ओवीमागून ओवी आली, जिथं कलाबाई चुकल्या तिथं टेपमधल्या कलाबाईही चुकल्या, आणि वच्छलाबाई म्हणाल्या, "कला, तुन्हं ध्यान कोठे शे वं?" यावर सत्तरीच्या कलाबाई संगणकाला म्हणाल्या, "आठेच शे, आठेच शे! तू गाय मोहरे!" आणि लायब्ररी अशी हसली की प्राचार्य काय झालं म्हणून जिना उतरून आले, आणि परत न जाता मागच्या खुर्चीवर बसले. ती मोडक्या दोनांतली होती, पण उठले नाहीत.

संध्याकाळी आई गावी गेली. जाताना एका मुलीनं पहिल्या ओळी कागदावर लिहून दिल्या होत्या; सगळ्यात वर होती, 'सांग सांग मन्हा घट्या, दाना कोना, सूर कोना शे?' कलाबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद चोळीत खोचला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिले कोठे जावानं नही आते."

पुढच्या सोमवारी आणखी दोघी येणार होत्या, वच्छलाबाईंची सून आणि नात. आणि अर्हमनं फोन करून धापूबाईंना कोणत्या दिवशी आणू ते विचारलं होतं. त्यालाच प्रज्ञानं दोन नावं कळवली होती, 'दोन महिला' खोडून त्या जागी घालायला.

बंद करायच्या वेळी ती दारापाशी आली. वना वही मिटत होता. तिनं हात पुढं केला तसा त्याचा चेहरा जुन्या सवयीनं कसनुसा झाला.

आजच्या पानावर पहिली ओळ होती: 'कलाबाई. कारण: मैत्रिणीला भेटायला. आल्याची वेळ अकरा वीस. गेल्याची वेळ चार वाजून पाच.' आणि तिच्या खाली, त्याच ठसठशीत अक्षरात: 'वच्छलाबाई. कारण: गाणं म्हणायला. आल्याची वेळ अकरा तीस.'

शेवटचा रकाना कोरा होता.

"वनाभाऊ," प्रज्ञा म्हणाली, "हिची गेल्याची वेळ राहिली."

वनानं कोपऱ्यातल्या संगणकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"गई कोठे ती, बाई?" तो म्हणाला. "मी काय खोटं लिखू?"

प्रज्ञानं वही मिटून त्याच्या हातात दिली. कपाटात नाही. त्याच्याच हातात. आणि बसची वेळ झाली होती तरी ती जिना सावकाश उतरली, ओठांवर एक पहिली ओळ घेऊन.